पिअर प्रेशर वेगळं, 'सगळेच करतात' हा समज वेगळा

मुलगा सिगारेट ओढताना सापडला की घरात पहिलं वाक्य "मित्रांनी बिघडवला", आणि शाळेत लगेच पिअर प्रेशरवर लेक्चर. पिअर प्रेशर काय असतं ते सगळ्यांना माहितीये, कोणीतरी पुढे करतं, "घे रे, घाबरतोस काय" म्हणतं, नाही म्हटलं की चिडवतं. झालं.

पण खूपदा कोणी काहीच म्हणत नाही हो! मुलाच्या डोक्यात फक्त एक हिशोब असतो की आपल्या वयाचे बहुतेक सगळे करतात, मीच मागे राहिलोय. आणि हा हिशोब बऱ्याचदा चुकीचा असतो, कारण ओढणारा दिसतो, पिणाऱ्याचे किस्से आठवडाभर फिरतात, स्टेटसवर फोटो येतो, आणि ज्याने काल काहीच घेतलं नाही त्याचा किस्सा कोण सांगणार? वर्गातले चार जण बघून मुलाला वाटतं अर्धा वर्ग करतो.

आता याला "नाही म्हणायला शिका" काय कामाचं, ज्याला कोणी विचारलंच नाही तो नाही म्हणणार कोणाला? 1991 मध्ये अमेरिकेतल्या हॅन्सन आणि ग्रॅहम या संशोधकांनी शाळकरी मुलांवर दोन पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, एक नकार द्यायला शिकवायची आणि दुसरी हा समज दुरुस्त करायची. 'सगळे करतात' हा समज जिथे दुरुस्त केला तिथे दारू, गांजा, सिगारेट तिन्हींचं प्रमाण कमी राहिलं, नकार द्यायच्या नुसत्या ट्रेनिंगने तसा फरक दिसला नाही.

म्हणून मला सगळ्यात जास्त चीड येते ती "आजकालची सगळी पोरं व्यसनी झालीत" या भाषणाची. समोर बसलेल्या शंभर मुलांना आपणच सांगतोय की सगळे करतात!

(संगतीचं म्हणाल तर तेही एकतर्फी नाही, समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं की मित्र एकमेकांसारखे होतात तसे आधीपासून सारखे असलेले एकमेकांना निवडतातही.)

मुलाला "कोणी दिली?" हे नंतर विचारा, आधी विचारा "तुझ्या वर्गातले किती जण घेतात असं तुला वाटतं?" शाळेला जमत असेल तर नाव न लिहिता चिठ्ठ्या भरून घ्या आणि खरा आकडा मुलांसमोर ठेवा. फक्त आधी स्वतः मोजून बघा, कारण आकडा खरंच मोठा निघाला तर तो वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही, तिथे दुसरा मार्ग शोधावा लागेल.