स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २

स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २ (एससीए-२) : अनुमस्तिष्क (लहान मेंदू), मस्तिष्कस्तंभ आणि त्यांना जोडणारे तंत्रिकामार्ग क्रमाक्रमाने झिजत जाणारा आनुवंशिक विकार. अटॅक्सिया म्हणजे तोल व हालचालींचा समन्वय बिघडणे. बहुधा विशी ते चाळिशीदरम्यान सुरू होतो. पाय फाकवून चालणे, वळताना झोकांडी जाणे, बोलणे जड होणे व हातांचा नेम चुकणे ही लक्षणे इतर अटॅक्सियांतही असतात. पायांत गोळे येणे मात्र येथे तोल बिघडण्याच्या आधीपासूनही आढळते.

या प्रकाराचे ठळक चिन्ह म्हणजे नेत्रगतीचे मंदत्व. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नजर नेताना निरोगी डोळा झटक्यात उडी घेतो. या रुग्णांत ती उडी रेंगाळते. मस्तिष्कस्तंभातील पॉन्स या भागात अशा उड्यांना चालना देणाऱ्या तंत्रिका कोशिका असतात आणि त्यांचा ऱ्हास हे याचे कारण मानले जाते. रुग्ण बहुधा याची तक्रार करीत नाही. तो पापणी मिटून किंवा मान वळवून वेळ मारून नेतो. त्यामुळे तपासणारा मुद्दाम पाहील तरच हे चिन्ह सापडते.

मंद नेत्रगती हे एका वेगळ्या आनुवंशिक रूपाचे लक्षण म्हणून मांडण्याचे श्रेय मुंबईतील तंत्रिकातज्ज्ञ नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांच्याकडे जाते. वाडिया व स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर अशी कुटुंबे मेंट्सेल (१८९१) आणि पियेर मारी (१८९३) यांच्या जुन्या वर्णनांखाली घातली जात. १९८० च्या दशकात ब्रिटिश तंत्रिकातज्ज्ञ अनिता हार्डिंग यांनी प्रभावी आनुवंशिकतेच्या (आईवडिलांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी होणाऱ्या) अटॅक्सियांचे वर्गीकरण सुधारले, पण तेही लक्षणांवरच बेतलेले होते. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी सहा भारतीय एससीए-२ घराण्यांचा जनुकीय अभ्यास मांडून मंद नेत्रगतीचे निदानमूल्य पुन्हा अधोरेखित केले. मंद नेत्रगती एससीए-१, ३ आणि ७ मध्येही आढळू शकते. म्हणून १९७१ चे वर्णन आणि आजचा एससीए-२ यांना सरसकट एकच समजण्यापेक्षा ते बव्हंशी जुळतात असे म्हणणे सयुक्तिक ठरते.

कारणीभूत जनुक (एटीएक्सएन-२) बाराव्या गुणसूत्रावर असून १९९६ मध्ये तीन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्यात सीएजी या त्रयीची (डीएनएतील तीन घटकांच्या गटाची) पुनरावृत्ती असते. जनुकाच्या सर्वसामान्य प्रतीत बहुधा २२ त्रयी आढळतात : आठ सीएजी, एक सीएए, चार सीएजी, एक सीएए आणि पुन्हा आठ सीएजी. सीएए हाही ग्लुटामीन याच ॲमिनो अम्लाचा संकेत असल्याने प्रथिनात फरक पडत नाही, मात्र पुनरावृत्तींची साखळी स्थिर राहते. रोगकारक प्रतींत सीएएमुळे पडणारे हे खंड सहसा नसतात आणि त्रयींची संख्या ३३ किंवा त्याहून अधिक असते. संख्या जितकी मोठी तितकी सुरुवात लवकर. पुढच्या पिढीत, विशेषतः पित्याकडून आल्यास, ती वाढू शकते. अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

जगात सर्वाधिक प्रमाण क्युबातील ओल्गीन प्रांतात, लाखामागे सुमारे ४० रुग्ण, असे नोंदले गेले आहे. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. घराण्यांतील समान जनुकीय पार्श्वभूमीवरून एकच मूळ पूर्वज, बहुधा स्पेनमधून आलेला, असावा असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार तेथील लोकसंख्येत मुळातच लांबट, खंड नसलेल्या ‘सामान्य’ प्रती बऱ्याच असून त्यांतून नवे विस्तार (त्रयींची संख्या वाढून रोगकारक होणे) होत राहतात. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही : पहिल्याने आजची बहुतेक घराणी उलगडतात, दुसऱ्याने कुटुंबात पूर्वी कोणालाच रोग नसलेले तुरळक रुग्ण. भारतातही हा प्रकार तुलनेने वारंवार आढळणाऱ्या अटॅक्सियांपैकी एक आहे. भारतीय घराण्यांतील विस्तारित प्रती एका विशिष्ट जनुकीय पार्श्वभूमीशी निगडित असल्याचे २००१ मध्ये दाखवण्यात आले.

झीज थांबवणारे औषध उपलब्ध नाही. तोल व समन्वयाचे व्यायाम, वाचोपचार आणि गिळण्याच्या त्रासाची काळजी यांवर भर असतो. ओल्गीन येथे आनुवंशिक अटॅक्सियांसाठी स्वतंत्र संशोधन व पुनर्वसन केंद्र असून लक्षणे दिसण्यापूर्वीची जनुकीय चाचणीही तेथे समुपदेशनासह केली जाते.