गाठ आपोआप विरते तेव्हा

गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुठल्याही जत्रेत चार बायका निवांत बसल्या की ही गोष्ट केव्हातरी निघते. अमकीच्या छातीत गाठ होती, देवीने कौल दिला आणि महिन्याभरात गाठ गेली. ख्रिस्ती परंपरेत अशीच कथा इटलीच्या संत पेरेग्रिनची आहे. त्याचा सडलेला पाय दुसऱ्या दिवशी कापायचा होता, पण रात्रीत जखम भरली. १७२६ साली त्याला संतपद मिळालं आणि कर्करुग्ण आजही त्याचा धावा करतात.

या गोष्टी सांगणारे खोटं बोलत नसतात. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. पाण्याने भरलेली गाठ पाळीच्या चक्राबरोबर वाढते, कमी होते, कधी पार नाहीशी होते. म्हणून ‘गाठ विरली’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: बायोप्सी झाली होती का? जुन्या कथांना हा प्रश्न विचारताच येत नाही. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं युरोपातही नवंच होतं.

या विषयात शिस्त आणली ती अमेरिकेतल्या एव्हरसन आणि कोल या दोन शल्यविशारदांनी. १९६६ साली त्यांनी जगभरच्या नोंदी चाळून, पुरावा पुरेसा असलेल्या फक्त १७६ ठेवल्या. उपचार नसताना, किंवा अगदी अपुऱ्या उपचारांवर, कर्करोग पूर्ण किंवा काही अंशी ओसरला तरच त्यांनी तो मोजला. निम्म्याहून अधिक नोंदी चारच प्रकारांच्या निघाल्या: मूत्रपिंडाचा कर्करोग, लहान मुलांना होणारा मज्जापेशींचा न्यूरोब्लास्टोमा, त्वचेचा मेलॅनोमा आणि गर्भवेष्टनातून होणारा कोरिओकार्सिनोमा. स्तनाच्या कर्करोगाच्या वाट्याला जेमतेम काही आल्या.

स्तनाचा कर्करोग नुसता सावकाश वाढला तरी बरा झाल्यासारखा भासतो, हेही खरं. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १८०५ ते १९३३ या काळात उपचारांविना राहिलेल्या २५० स्त्रियांच्या नोंदी १९६२ साली प्रसिद्ध झाल्या. लक्षणं दिसल्यापासून निम्म्याजणी पावणेतीन वर्षांच्या आत गेल्या. पण शंभरातल्या चौघी दहा वर्षांनंतरही जिवंत होत्या. गावात अशी एखादी असली तर तिच्याभोवती गोष्ट जमणारच!

मग खरोखर ओसरतो तो कशाने? एक धागा संप्रेरकांचा, म्हणजे हॉर्मोन्सचा. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९५ मध्ये, रोग पुन्हा उद्भवलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय काढले आणि काही महिन्यांत तिच्या गाठी दिसेनाशा झाल्या. पुढे रोग परतला व ती त्यातच गेली. पण संप्रेरकांचं पोषण तुटलं की हा कर्करोग मागे हटू शकतो, हे तेव्हा कळलं. दुसरा धागा प्रतिकारशक्तीचा. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांना, तापाच्या त्वचासंसर्गानंतर मानेवरचा अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, नाहीसा झालेला एक रुग्ण सापडला आणि १८९१ पासून ते रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचू लागले. प्रकार धोक्याचाच, पण प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारी आजची इम्युनोथेरपी त्याच वाटेवरची.

खरी खळबळ उडाली २००८ साली, नॉर्वेतल्या आकड्यांनी. ५० ते ६४ वयाच्या लाखाहून अधिक स्त्रियांच्या गटाची सहा वर्षांत तीनदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, झाली. तशाच दुसऱ्या गटाची एकदाच, अगदी शेवटी. कर्करोग एकदा झाला की राहतोच, असं धरलं तर शेवटच्या तपासणीत दुसऱ्या गटातले साचलेले सगळे सापडून दोन्ही बेरजा जुळायला हव्या होत्या. पण पहिल्या गटात २२ टक्के जास्त निघाले. मग दुसऱ्या गटातले तेवढे गेले कुठे? हा अभ्यास करणारे संशोधक झाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की काही आपोआप ओसरले असावेत. टीकाकार म्हणाले, एकाच तपासणीत सगळे सापडत नाहीत, शिवाय या कर्करोगाची जोखीम वाढवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांचा वापरही त्या वर्षांत वाढला होता. माझा कल टीकाकारांकडे आहे. तरी जपानचा दाखला मला विसरता येत नाही. तिथे १९८५ पासून तान्ह्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधू लागले. रोगी भराभर सापडले, पण मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे दिसेना, कारण त्यातले बरेच अर्बुद आपोआप विरणारेच होते. २००४ मध्ये ती तपासणी थांबवली.

स्तनाच्या बाबतीत असं निरीक्षण अवघड, कारण निदान झालं की उपचार सुरू होतात, आणि व्हायलाच हवेत. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हाताला लागणारी गाठ घेऊन आलेल्या बाईला ‘थांबून बघू’ असं कुणी सांगणार नाही. थांबून पाहण्याचा प्रयोग झाला तो दूधनलिकांतच राहिलेल्या, कमी जोखमीच्या कर्कपेशींवर. अमेरिकेतल्या कॉमेट चाचणीत अशा ९५७ स्त्रिया होत्या. २०२४ च्या अखेरीस निकाल आला: दोन वर्षांत पसरू शकणारा कर्करोग शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के, तर नियमित नजर ठेवलेल्या गटात ४.२ टक्के स्त्रियांत आढळला. नजर ठेवलेल्यांपैकी अनेकजणी संप्रेरकविरोधी गोळ्या घेत होत्या. पुढच्या वर्षांचे आकडे अजून यायचे आहेत.