वीट न रचता होणारा प्रकल्प: अमेरिकेतील उपग्रह-आधारित विमानमार्ग आणि त्यांची पर्यावरणीय तपासणी

पर्यावरणीय तपासणी म्हटले की धरण, महामार्ग, खाण अशी कामे डोळ्यांपुढे येतात. विमानांना उपग्रहाच्या आधारे नवे मार्ग आखून देण्याच्या प्रकल्पात मात्र एक वीटही रचली जात नाही. झाड तोडले जात नाही, नाला वळवला जात नाही. त्यामुळे अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या अहवालांत माती, पाणथळ जागा, शेतजमीन हे विषय दोन-चार ओळींत संपतात. उरतो तो आवाज. गेल्या काही दशकांतला सगळा वाद त्याच्याभोवती फिरला आहे.

आधीची व्यवस्था जमिनीवरच्या व्हीओआर केंद्रांवर चालायची. 1940 च्या दशकाअखेरीस ही रेडिओ केंद्रे अमेरिकाभर उभी राहू लागली. विमान एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जायचे, त्यामुळे केंद्रे जिथे असतील तिथूनच मार्ग जात. केंद्रापासून जितके दूर जावे तितकी चूक वाढे. विमानतळाजवळ तर नियंत्रक तोंडीच दिशा देत: इतक्या अंशांवर वळा, आता उंची सोडा. प्रत्येक विमान थोडे वेगळ्या जागी वळे आणि एकाच धावपट्टीवरून निघालेली विमाने काही मैल रुंद पट्ट्यात पांगत. हे पांगणे कोणी ठरवून केलेले नव्हते, पण खालच्या वस्त्यांमध्ये आवाजाची वाटणी त्यामुळे आपोआप होत होती.

1983 मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले. त्यानंतर जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केली. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली गेली. जुलै 2003 मध्ये वास (WAAS) ही जीपीएसची अचूकता वाढवणारी यंत्रणा सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरातल्या कायद्याने नेक्स्टजेन या आधुनिकीकरण कार्यक्रमाचा पाया घातला. आरनॅव्ह-1 या दर्जाच्या, म्हणजे जमिनीवरच्या केंद्रांवरून जाण्याचे बंधन नसलेल्या अचूक मार्गावर विमानाने 95 टक्के वेळ मध्यरेषेपासून एका सागरी मैलाच्या आत राहावे, अशी अट असते. स्वयंचलित उड्डाणयंत्रणा असलेली आधुनिक विमाने प्रत्यक्षात त्याहून कितीतरी काटेकोर उडतात. आधीच्या रुंद पट्ट्याची अशी बारीक रेघ झाली. इंधन वाचले, नियंत्रकांचे बोलणे कमी झाले. रेघेखाली ज्यांचे घर आले त्यांच्या वाट्याला मात्र सगळी विमाने आली.

तपासणीची चौकट याच्या बरीच आधीची आहे. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर 1 जानेवारी 1970 रोजी सही झाली. त्यानुसार संघीय निर्णयाला तीनपैकी एक वाट धरावी लागते. परिणाम नगण्य समजल्या जाणाऱ्या कामांना वर्गीय सूट मिळते, म्हणजे सविस्तर तपासणी लागत नाही. शंका असेल तर पर्यावरणीय मूल्यांकन होते आणि त्यातून बहुधा ‘लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघतो. परिणाम मोठा असेल तर सविस्तर परिणाम अहवाल लागतो. उद्याने आणि ऐतिहासिक वास्तूंसाठी 1966 चे दोन वेगळे कायदे आहेत, आणि पुढे कोर्टात हेच दोन कायदे एफएएला जड गेले.

पहिला मोठा धडा उपग्रहांच्याही आधीचा आहे. 1987 पासून न्यूयॉर्क-न्यू जर्सीवरचे मार्ग परिणाम अहवालाशिवाय बदलण्यात आले. न्यू जर्सीच्या उपनगरांतून इतका विरोध झाला की 1990 च्या कायद्याने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा अहवाल करायला भाग पाडले, तोही मार्ग सुरू झाल्यानंतर. विमानतळाच्या कुंपणापलीकडे, दहा-वीस मैलांवरही आवाज मोजावा लागतो, हे तेव्हा लक्षात आले.

नेक्स्टजेनमधले मार्गबदल प्रामुख्याने ‘मेट्रोप्लेक्स’ प्रकल्पांतून झाले. एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या अनेक विमानतळांच्या महानगर क्षेत्राला हे नाव आहे. उद्योग आणि सरकारच्या संयुक्त कृती गटाने 2009 मध्ये शिफारस केली आणि 2010 मध्ये वॉशिंग्टन व उत्तर टेक्सास इथून सुरुवात झाली. मूल्यांकनाची पद्धत साधारण अशी: विमाने जिथे जमिनीपासून सुमारे 10,000 फुटांखाली असतात तो सारा भाग अभ्यासक्षेत्रात घ्यायचा. रडारच्या नोंदींवरून आजचे मार्ग, विमानांचे प्रकार आणि वेळा काढायच्या. मग दोन चित्रे तयार करायची, काहीच न बदलल्यास काय होईल याचे एक आणि प्रस्ताव अमलात आल्यास काय होईल याचे दुसरे. दोन्ही चित्रे अंमलबजावणीच्या वर्षासाठी आणि त्यानंतर पाच वर्षांनी. जनगणनेच्या प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूवर, उद्यानांवर आणि ऐतिहासिक स्थळांवर आवाज संगणकावर काढून फरक मांडायचा. इंधन आणि कार्बन उत्सर्जनाचा हिशेबही याच माहितीतून निघतो. जमिनीलगतच्या हवेचा विचार 3,000 फुटांच्या वर सहसा केला जात नाही, कारण तिथला धूर खाली मिसळत नाही असे धरतात.

या गणितातली नाजूक जागा सहज नजरेआड होते. संगणकात प्रत्येक मार्गाला एक मुख्य रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना उपरेषा देतात व विमाने त्यांच्यावर वाटतात. नव्या मार्गाला जुन्या सवयीने रुंद उपरेषा दिल्या की एकवटणारा आवाज कागदावर पुन्हा पांगतो. अहवाल तपासताना म्हणूनच नकाशाच्या रंगांआधी या वाटणीचे तक्ते बघावेत.

मोजमापाचे एकक डीएनएल, म्हणजे वर्षातल्या सरासरी दिवसाचा चोवीस तासांचा आवाज. रात्री 10 ते सकाळी 7 या वेळेतल्या प्रत्येक विमानाला 10 डेसिबलचा दंड लागतो, म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहांइतके. 65 डीएनएल किंवा त्याहून वर 1.5 डेसिबलची वाढ झाली तर परिणाम ‘लक्षणीय’ ठरतो. 60 ते 65 मध्ये 3 आणि 45 ते 60 मध्ये 5 डेसिबलची वाढ फक्त नोंदवायची असते.

एक उदाहरण घेऊ. प्रत्येक विमानाच्या आवाजाची एकूण मात्रा घराजवळ 80 डेसिबल आहे. दिवसा अशी 20 विमाने वरून जात असतील तर चोवीस तासांवर पसरून डीएनएल येतो सुमारे 43.6. नव्या मार्गामुळे 20 ची 100 झाली तर तो 50.6 होतो. वाढ सात डेसिबलची, विमाने पाचपट, तरीही परिणाम ‘लक्षणीय’ नाही. 65 गाठायला अशी सुमारे 2,730 विमाने दिवसा जावी लागतील. अहवालातला ‘लक्षणीय परिणाम नाही’ हा निष्कर्ष आणि अंगणात बसणे अशक्य झाल्याची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी असतात ती यामुळे. हा उंबरठा विमानतळालगतच्या आवाजासाठी बेतलेला होता, पंधरा मैलांवरच्या रेघेसाठी नव्हे.

2012 च्या कायद्याने वेग आणखी वाढवला. अचूक मार्गांना वर्गीय सूट मिळेल हे गृहीत धरले गेले. शिवाय ‘प्रति उड्डाण’ इंधन, कार्बन आणि आवाज घटत असेल तर आणखी एक सूट ठेवली. आवाज प्रति उड्डाण कसा भागायचा, हा प्रश्न तज्ज्ञांनाच पडला. 2013 मध्ये सल्लागार समितीने तोडगा सुचवला तो निव्वळ बेरजेचा: किती लोकांचा आवाज घटला आणि किती जणांचा वाढला. पाच जणांना थोडा दिलासा मिळाला म्हणजे एकाला झालेला मोठा त्रास भरून निघतो, असे मानणारी ही बेरीज होती.

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात 18 सप्टेंबर 2014 रोजी पश्चिमेकडच्या उड्डाणांचे मार्ग वर्गीय सुटीच्या आधारे बदलले. 25 ऐतिहासिक वस्त्या-वास्तू आणि 19 उद्यानांवरून जाणारी विमाने 300 टक्क्यांनी वाढली. शहर प्रशासनात आधी कल्पना होती ती निर्णयाचा अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांना. शहर आणि रहिवासी कोर्टात गेले. अशा आदेशाला आव्हान द्यायला 60 दिवस मिळतात. ती मुदत उलटून सहा महिने झाले होते. पण एफएएने मधल्या काळात तोडगा निघेल असे वाटू दिल्याने कोर्टाने उशीर माफ केला आणि 29 ऑगस्ट 2017 रोजी दोन विरुद्ध एक मतांनी मार्ग रद्द केले. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन वस्तीच्या रहिवाशांना ही सवलत मिळाली नाही. वॉशिंग्टनच्या मूल्यांकनाचा निर्णय डिसेंबर 2013 चा, याचिका 2015 ची. 2018 मध्ये ती मुदतीच्या मुद्द्यावरच फेटाळली गेली.

जानेवारी 2021 मध्ये एफएएने 20 विमानतळांभोवतीच्या 10,000 हून अधिक रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. आवाज आणि त्रास यांचा संबंध दाखवणाऱ्या जुन्या आलेखानुसार 65 डीएनएलला 12.3 टक्के लोक अत्यंत त्रस्त असायला हवे होते. पाहणीत हे प्रमाण 60 ते 71 टक्क्यांच्या दरम्यान निघाले. मे 2023 मध्ये आवाज-धोरणाचा फेरविचार सुरू झाला.

फिनिक्समध्ये निकालानंतर एफएए आणि याचिकाकर्त्यांनी मिळून तोडगा काढला. 2018 च्या वसंतात पश्चिमेकडचे नऊ मार्ग जुन्या वाटांच्या जवळपास परत नेण्यात आले. ते आखले गेले उपग्रहाच्याच आधाराने, त्यामुळे वाट जुनी असली तरी रेघ आताही बारीकच आहे.