बगळे घोडबंदरला मेले, निदान भोपाळहून आलं

जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या आवारात बगळे मरून पडलेले दिसले. करोनाचं पहिलं वर्ष नुकतंच सरलं होतं आणि माणसं आधीच धास्तावलेली होती. एरवी मेलेला पक्षी झाडूवाला फावड्याने उचलतो, कचऱ्याच्या गाडीत टाकतो आणि विषय संपतो. त्या वेळी मात्र खबर गेली, नमुने तपासणीला गेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं: बर्ड फ्लू. त्याच दिवसांत परभणीच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या होत्या. मुंबई, दापोली आणि बीडच्या कावळ्यांतही हाच विषाणू सापडला.

तेव्हा अनेकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ठाण्यात मेलेल्या पक्ष्याचं निदान भोपाळला का? दीडशे किलोमीटरवर पुणं आहे, शेजारीच मुंबई आहे, मग सातशे-आठशे किलोमीटर दूर कशाला? याचं उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे. पण तो इतिहास वाचताना मला नमुना प्रयोगशाळेत पोचल्यानंतर काय होतं यापेक्षा तो निघण्याआधी काय होतं, हेच जास्त महत्त्वाचं वाटत आलं आहे.

आपल्याकडे जनावरांवरून रोग ओळखण्याची सुरुवात सरकारी नव्हतीच. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पुढे कोकण-देशावर पसरला, तेव्हा ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द घर सोडायला पुरेसे असत. माणसं गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. उंदीर आधी मरतो, माणूस नंतर, हे लोकांनी पाहून पाहून जाणलं होतं. शास्त्राला ते सिद्ध करायला आणखी काही वर्षं लागली. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, शहरभरातून गोळा केलेले उंदीर फाडून तपासले जाऊ लागले. कुठल्या पेठेतला, कुठल्या घरातला उंदीर, याची नोंद ठेवली जाई. आज ज्याला रोग सर्वेक्षण म्हणतात, ते हेच.

गुरांच्या बाबतीत सरकार त्याही आधी जागं झालं होतं, कारण बैल मेला की शेत पडीक आणि शेत पडीक की शेतसारा बुडाला. तोफा ओढायलाही बैलच लागत. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जागी तेव्हा असलेल्या सायन्स कॉलेजात, देशातली जनावरांच्या रोगांची पहिली संशोधन प्रयोगशाळा उघडली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते.

ती पुण्यात टिकली नाही. बुळकांडीसारखा, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग भरवस्तीत, गुरांच्या गोठ्यांशेजारी हाताळणं धोक्याचं होतं. शिवाय त्या काळी विजेचे फ्रिज नव्हते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात जंतूंवर काम करणं कठीण जाई. १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला गेली. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. प्रयोगशाळा रोगापासून दूर हवी आणि रोग्याच्या जवळही हवी, हा पेच तेव्हापासूनचा आहे. घोडबंदरच्या बगळ्यांनाही तोच आडवा आला.

मधल्या काळातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती बंदरांच्या गावाला लागू पडते. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात काही काळ उतरवली गेली. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली आणि बेल्जियमच्या गोठ्यांत शिरली. युरोप हादरला. त्यातूनच १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन केली. कुठल्या देशात कोणता रोग आहे हे एकमेकांना खरं आणि वेळेवर सांगायचं, हे तिचं मूळ काम. आपल्याकडे आयात जनावरांवर निर्बंध घालणारा कायदा १८९८ पासून आहे आणि मुंबईत जनावरांचं विलगीकरण केंद्रही आहे. न्हावाशेवाचे कंटेनर पाहताना मला अनेकदा अँटवर्पची ती गुरं आठवतात.

बुळकांडी हा शब्द आज तरुण शेतकऱ्याला माहीत नसतो, यापेक्षा मोठं यश कुठलं? ताप, तोंडात फोड, मग रक्ताची हगवण आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवं. गावंच्या गावं बैलांवाचून रिकामी होत. आफ्रिकेत १८८७ नंतर हाच रोग पसरला तेव्हा बहुतेक गुरं मेली, आणि गुरांमागोमाग इथिओपियात माणसं उपासमारीने मेली. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२७ मध्ये हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि स्वस्त लस हाती आली. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. लसीकरणाने रोग खूप कमी झाला, पण शून्य होईना. लस टोचलेल्या कळपात रोग लपून राहिला तर दिसतच नाही.

म्हणून नव्वदच्या दशकात पद्धत बदलली. लस थांबवायची आणि रोग शोधत फिरायचं. पशुधन पर्यवेक्षक गावोगाव जाऊन ‘हगवण लागून गुरं मेली का?’ असं विचारू लागले. गुरांच्या वाहतुकीच्या वाटांवर पाहणी होऊ लागली, दवाखान्यांच्या रोजच्या नोंदवह्या तपासल्या जाऊ लागल्या. यात एकही महागडं यंत्र नव्हतं. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ मधला. २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग.

पूर्व आफ्रिकेतली शेवटची लढाई तर गुराख्यांच्या आठवणीवर जिंकली गेली. तिथे रस्ते नव्हते, दवाखाने नव्हते, काही भागांत युद्ध चालू होतं. पशुवैद्य गुराख्यांजवळ बसून विचारत की शेवटचं असं कधी झालं, डोळ्यांतून पाणी येत होतं का, कुठल्या पाणवठ्यानंतर आजार दिसला. त्यांच्यातल्याच तरुणांना लस टोचायला शिकवलं. लसही अशी, की काही आठवडे बर्फाशिवाय टिकावी. विकसनशील देशांत प्रयोगशाळा उभारायच्या म्हणजे इमारती बांधायच्या, असं समजणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. वाटणं चूक नव्हतं. दोन्हींत कोंबडी मलूल होते, श्वासाला त्रास होतो आणि ती मरते. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं जवळजवळ अशक्य. १८ फेब्रुवारीला भोपाळहून खात्री झाली की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, देशातला पहिलाच. असा विषाणू सुरक्षितपणे हाताळू शकेल अशी प्रयोगशाळा तेव्हा देशात ती एकच होती. बाहेरून येऊ शकणाऱ्या घातक पशुरोगांसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नाही, सांडपाणी उकळून निर्जंतुक केल्याशिवाय सोडत नाहीत आणि शास्त्रज्ञ अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही. अशी वास्तू प्रत्येक जिल्ह्यात बांधता येत नाही आणि बांधूही नये.

नवापूरनंतर मधली फळी मजबूत झाली. पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण यंत्रणा आहेच. महाराष्ट्र, गुजरात, गोवा यांच्यासाठीची पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळाही पुण्यातच आहे. पुणे, कोलकाता, बंगळूरु, जालंधर आणि गुवाहाटी या पाच विभागीय प्रयोगशाळांमुळे पहिली चाचणी जवळ होऊ लागली. बर्ड फ्लूवर शेवटचं शिक्कामोर्तब मात्र भोपाळचंच राहिलं.

आता तालुक्याच्या दवाखान्यात येऊ. शहापूर-मुरबाडकडे एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नमुना निघताना पाहिला आहे. मेलेल्या कोंबडीच्या घशातून एक आणि गुदद्वारातून एक, असे दोन कापसाचे बोळे फिरवून लालसर द्रवाच्या बाटल्यांत बुडवले. बाटलीवर पेनाने क्रमांक, भोवती कापूस, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी, मग थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या. गोठू द्यायचं नाही आणि तापूही द्यायचं नाही. सोबतच्या फॉर्मवर मालकाचं नाव, गाव, एकूण पक्षी, मेलेले पक्षी, पहिला कधी मेला, लस कधी दिली. दवाखान्यातले व्रणोपचारक (ड्रेसर) काका हे सगळं एकेक विचारून लिहीत होते. ‘पहिला कधी मेला’ या रकान्यापाशी मालक अडखळला. आधी दोन दिवस म्हणाला, मग हळूच पाच. ते मधले तीन दिवस कुठलीही प्रयोगशाळा परत मिळवून देऊ शकत नाही.

सगळंच भोपाळला जावं लागतं असंही नाही. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, घ्या. तगडी म्हैस अचानक मरते आणि नाका-गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येतं. अशा जनावराचं शवविच्छेदन करायचं नाही, कारण हवा लागली की जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं राहतात. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि मिथिलीन ब्ल्यूने रंगवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या काड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी कवच दिसलं की निदान झालं. गुरांच्या घटसर्पाचाही पहिला अंदाज असाच काचपट्टीवर येतो. त्यासाठी हवा एक बरा सूक्ष्मदर्शक, ताजा रंग आणि वेळ असलेला माणूस. माझ्या मते जिल्ह्याला सगळ्यात आधी याचीच गरज आहे.

ठाण्यासारख्या जिल्ह्यात हे अधिक निकडीचं आहे, कारण इथे जनावर एका जागी राहत नाही. कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांत दुभत्या म्हशी हरियाणा-गुजरातकडून ट्रकने येतात आणि आटल्या की पुन्हा कुठेतरी जातात. पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेला कुठकुठले बैल एकत्र येतात. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावापाशी फ्लेमिंगो मेले, तेव्हा भरतीचं पाणी अडल्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मेलेला प्रत्येक रानपक्षी तपासणीपर्यंत पोचावा, ही सवय शहराला अजून लागलेली नाही.

२०२२ हे वर्ष दोन बाजूंनी शिकवून गेलं. फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक पक्षी मेले, नमुने पुण्याला गेले आणि एच५एन१ निघाला. किलोमीटरभराच्या परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करायचं ठरलं. ज्याचे पक्षी धडधाकट होते त्याचेही गेले. आदल्या वर्षीच्या साथीत भरपाईचा दर ब्रॉयलरला ७० रुपये आणि अंड्यावरच्या कोंबडीला ९० रुपये असा होता. शेजाऱ्याने खबर दिली म्हणून आपली पोल्ट्री रिकामी झाली, असं वाटणारा माणूस पुढच्या वेळी गप्प बसेल की नाही, हे त्या रुपयांवर आणि ते किती लवकर मिळतात यावर ठरतं.

मग ऑगस्ट-सप्टेंबरात लम्पी. १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात पोचला आणि २०२२ मध्ये जळगावातून राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. मेलेल्या गाईमागे ३०, बैलामागे २५ आणि वासरामागे १६ हजार रुपये जाहीर झाले. लम्पीच्या गाठी अंगावर दिसतात, त्यामुळे शेतकऱ्यांनी मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. भरपाई ठरलेली होती, लस फुकट होती, म्हणून खबर आली.

कायदा २००९ पासून आहे. मालकाने संसर्गजन्य रोगाची खबर द्यावी असं तो सांगतो. २०२३ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने पाच राज्यांसाठी पशुआरोग्याचा १,२२८ कोटींचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्र आहे. मदतीसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण खबर वर जाते त्या वाटेवर जितकं लक्ष आहे, तितकं उत्तर खाली येण्याच्या वाटेवर नाही.

माझी मावशी मुरबाड तालुक्यात राहते. परसात दहा-बारा गावठी कोंबड्या, अंडी विकून तेल-मीठ भागवते. काही वर्षांपूर्वी तिच्या सात कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. तिने स्वतः जाऊन सांगितलं, माणसं आली, नमुने घेतले, फॉर्मवर तिचा अंगठा घेतला. गावात कुजबुज झाली, महिनाभर कुणी तिची अंडी घेतली नाहीत. गेल्या पावसाळ्यात पुन्हा चार मेल्या. या वेळी तिने त्या आंब्याखाली खोल खड्डा करून पुरल्या, वर चुना टाकला आणि कुणालाच कळवलं नाही. मी रागावून विचारलं, तर म्हणाली, “मागच्या कशाने मेल्या ते अजून कुणी सांगितलंय का मला?”