सरकलेली गादी: ऑपरेशन की वाट पाहायची, हा प्रश्न आला कुठून?

‘मणक्यात गॅप आलाय’ असं आपण सर्रास म्हणतो. फट वगैरे काही पडलेली नसते. दोन मणक्यांमधल्या गादीचा मऊ गर बाहेर येऊन शिरेवर दाबतो आणि कुल्ल्यापासून पावलापर्यंत कळ जाते. चरकसंहितेत अशाच कळेला गृध्रसी म्हटलंय. पण त्या कळेमागे गादी असते, हे पटायला १९३४ साल उजाडलं.

बॉस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३२ मध्ये एका तरुणाच्या कण्यातून कूर्चेची गाठ म्हणून तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो निघाला गादीचा. मग इस्पितळात जपून ठेवलेल्या जुन्या ‘गाठी’ पुन्हा तपासल्या, तर त्यांतल्याही बऱ्याच गादीच्याच! त्यांचा लेख आला आणि सर्जनांना नवं काम मिळालं. पुढे पपईच्या चिकातलं एन्झाइम टोचून गर विरघळवायचाही प्रयोग झाला. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, काहींचे पाय लुळे पडले. तो उपाय मागे पडला.

‘कापलं नसतं तर?’ हे मात्र बराच काळ कुणी नीट तपासलं नव्हतं. ते केलं नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी. ज्यांचं ऑपरेशन करावं की नाही याबद्दल डॉक्टरच साशंक होते, अशा १२६ जणांपैकी कुणाचं करायचं आणि कुणाचं नाही, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. वर्षाने ऑपरेशनवाले सरस होते. चार वर्षांनी फरक पुसट झाला, दहा वर्षांनी उरलाच नाही. हा निकाल १९८३ चा. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासातही तेच दिसलं: लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र मध्येच ऑपरेशन करून घेतलं. दुखणं सोसणारं माणूस आकडेवारीसाठी थांबत नाही, हेही खरंच. तिकडे ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणाला छेद, गादी पुन्हा सरकणं हे धोके आहेतच.

एक गट या चिठ्ठ्यांमध्ये कधीच नव्हता: ज्यांची लघवी अडते, जांघेत बधिरपणा येतो किंवा पायातली ताकद झपाट्याने जाते, ते. त्यांना तेव्हाही थांबवत नव्हते, आजही थेट इमर्जन्सीत नेतात.