प्रिंटरचा पत्ता का बदलतो?

जून लागला की सोलापुरातल्या ई-सेवा केंद्रांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे पालकांची गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रवेशाचा अर्ज, सगळं शेवटी कागदावरच लागतं. नेमकं त्याच वेळी संगणकावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ दिसतं. काउंटरवरचा मुलगा राउटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करतो, दहा-बारा पानं निघतात आणि दुपारी पुन्हा तेच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांमध्ये पॅकिंग स्लिपसाठी गाडी खोळंबते तेव्हाही दुखणं बहुधा हेच असतं. कुणी म्हणतं रेंज कमी आहे, बूस्टर लावा. कुणी म्हणतं प्रिंटरच बदला. छोट्या दुकानदाराने यातलं काहीही करण्याआधी प्रिंटरचा पत्ता तपासावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. रेंज चांगली असते, वाय-फायचा दिवा निळा असतो, पण संगणक ज्या पत्त्यावर कागद पाठवतो तिथे प्रिंटर राहिलेला नसतो.

वाय-फायवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी ॲड्रेस असतो. तो बहुतेक घरांत आणि दुकानांत 192.168 ने सुरू होतो. हा पत्ता उपकरणाच्या मालकीचा नसतो. राउटर तो ठरावीक मुदतीसाठी देतो आणि या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली मिळते तसंच हे आहे: मुदत संपण्याआधी सांगितलं तर तीच खोली पुढे चालू राहते, नाहीतर ती दुसऱ्या पाहुण्याला जाते. मुदत 24 तासांची असेल तर प्रिंटर 12 तासांनी राउटरला ‘वाढवून द्या’ असा निरोप पाठवतो. उत्तर आलं नाही तर 21 तास झाल्यावर तो नेटवर्कवर जो कुणी ऐकेल त्याला विचारू लागतो. 24 तास पूर्ण होऊनही कुणी बोललं नाही, तर पत्ता सोडून देतो. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडला जात असेल, तर हे निरोप जाणारच कसे?

आता यात लाइटचं जाणं-येणं मिळवा. वीज दोन मिनिटांसाठी गेली आणि आली की राउटर आणि प्रिंटर एकाच क्षणी जागे होतात. प्रिंटर लवकर तयार होतो, राउटरला बऱ्याचदा एक-दोन मिनिटं लागतात. प्रिंटर पत्ता मागतो तेव्हा द्यायला कुणी नसतं. मग काही प्रिंटर स्वतःच स्वतःला 169.254 ने सुरू होणारा पत्ता लावून घेतात. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याचा अर्थ सरळ आहे: राउटरशी बोलणं झालेलं नाही. दुसरी गडबड राउटरच्या बाजूने होते. अनेक साधे राउटर कुणाला कोणता पत्ता दिला होता याची नोंद वीज गेल्यावर विसरतात. सकाळी आधी चालू झालेल्या मोबाइलला प्रिंटरचा कालचा पत्ता जातो, प्रिंटरला नवा मिळतो आणि संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो.

हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. बहुतेक प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती छापण्याची सोय असते. ते पान काढा आणि त्यावरचा आयपी ॲड्रेस पाहा. मग संगणकात प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या भागात, म्हणजे संगणक कागद कुठे पाठवतो याची नोंद असते तिथे, कोणता पत्ता लिहिलाय ते पाहा. दोन्ही जुळत नसतील तर चोर सापडला.

उपाय फुकट आहे. त्याच पानावर प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, अक्षरं आणि आकड्यांच्या सहा जोड्या. तो कारखान्यातूनच ठरून येतो. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, साधारणपणे 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 वर ते मिळतं, आणि ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या ठिकाणी हा मॅक ॲड्रेस व हवा तो आयपी ॲड्रेस लिहून ठेवा. यापुढे वीज कितीही वेळा गेली तरी त्या प्रिंटरला तोच पत्ता मिळेल. काही जण प्रिंटरमध्येच पत्ता कायमचा टाइप करतात. तेही चालतं, पण तो आकडा राउटर इतरांना वाटतो त्या यादीबाहेरचा हवा, नाहीतर एका पत्त्यावर दोघे येऊन बसतात. मला राउटरमध्ये नोंद करणं जास्त पटतं, कारण सगळा हिशोब एकाच जागी राहतो.

पत्ता पक्का झाल्यावर विंडोजकडे वळा. प्रिंटर जोडताना विंडोज बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट लावतं. त्यात प्रिंटरला नेटवर्कवर हाका मारून शोधलं जातं. जोडायला सोपं, पण रोजच्या कामाला कच्चं. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी’ पोर्ट घेऊन राखून ठेवलेला पत्ता हाताने लिहावा. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक खूण असते. संगणक त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतो आणि उत्तर आलं नाही की चालू प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतो. ती खूण काढल्याने छपाईचं काही बिघडत नाही.

पण हाका मारून शोधणं कच्चं का? वाय-फायमध्ये एकाने एकाला पाठवलेल्या संदेशाची पोच मिळते आणि पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो. राउटर सर्वांना उद्देशून जो संदेश सोडतो त्याला पोच नसते. हुकला तो हुकला. त्यात प्रिंटर वीज वाचवण्यासाठी झोपतो. झोपलेल्या उपकरणांसाठी राउटर असे सामाईक संदेश थोडा वेळ धरून ठेवतो आणि ठरलेल्या क्षणी सोडतो. राउटर साधारण दर 102 मिलिसेकंदांनी आपल्या अस्तित्वाची खूण पाठवतो, आणि त्यातल्या ठरावीक खुणेनंतर हे संदेश निघतात. झोपलेल्या प्रिंटरने त्या क्षणी कान उघडले नाहीत, तर ‘192.168.1.50 कोण आहे?’ हा संगणकाचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चालतो आणि प्रिंटर तेवढा सापडत नाही, त्याचं हे एक कारण. गर्दीच्या महिन्यांत तरी प्रिंटर झोपण्याआधीचा वेळ सेटिंगमधून वाढवावा.

एवढं करूनही 169.254 दिसतच राहिला, किंवा छापलेल्या पानावर सिग्नल उणे 70 डीबीएमच्याही (सिग्नलचा जोर मोजण्याचं माप) खाली, म्हणजे उणे 75 किंवा उणे 80, दिसला, तर मात्र रेडिओ लहरींकडे पाहावं लागतं. बरेच प्रिंटर वाय-फायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात. या पट्ट्यावर भारतात 1 ते 13 चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग, वापरता येतात, पण ते एकमेकांवर इतके चढलेले असतात की 1, 6 आणि 11 हे तीनच परस्परांना न अडवता चालतात. पूर्व भागातल्या दाटीच्या गल्ल्यांत शेजारपाजारचे सगळे राउटर याच तिघांत भांडतात. राउटरला चॅनेल आपोआप निवडायला सांगितलं असेल तर तो कधी 12 किंवा 13 वर जाऊन बसतो. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे सेट केलेले काही प्रिंटर 11 च्या पुढे ऐकतच नाहीत. फोन जोडलेला राहतो आणि प्रिंटर मात्र गायब होतो. चॅनेल हाताने 1, 6 किंवा 11 वर ठेवला की हा त्रास उरत नाही.

नव्या राउटरमध्ये 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली असतात आणि राउटर उपकरणांना 5 कडे ढकलू पाहतो. ज्याला 5 कळतच नाही त्या प्रिंटरची यात ओढाताण होते. दोन्हींना वेगळी नावं द्यावीत. जुन्या प्रिंटरसाठी सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए 2 ठेवावी, कारण डब्ल्यूपीए 3 त्यांना समजत नाही. आणि ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर प्रिंटर ठेवू नये, तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याचीच व्यवस्था असते.

सोलापूरच्या कारखान्यांत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार सुंदर वाटते. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 12.5 सेंटिमीटर असते. लोखंडी मागांच्या रांगा आणि वरचे पत्रे या लहरी परतवून लावतात. सरळ आलेली लहर आणि परतलेली लहर एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे त्या एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. अशा दोन कमजोर जागांमधलं अंतर अर्ध्या लहरीएवढं, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर असू शकतं. म्हणून टेबलावरचा प्रिंटर चार बोटं सरकवला तरी सिग्नल सुधारू शकतो. बूस्टर विकत घेण्याआधी हा प्रयोग जरूर करावा. सुक्या टॉवेलच्या गठ्ठ्यांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. रंगवून वाळत घातलेलं ओलं सूत आणि पाण्याची टाकी मात्र त्यांना शोषून घेतात, तेव्हा राउटर आणि प्रिंटरच्या मध्ये ती नकोत.

राउटर कुठे ठेवलाय तेही पाहा. घरगुती राउटर बहुधा 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेरचाच पारा 40 च्या वर जातो, मग पत्र्याखालच्या कपाटावर काय होत असेल! तापलेला राउटर दुपारी मधूनच स्वतः बंद होऊन सुरू होतो आणि पत्त्याचा सगळा गोंधळ नव्याने मांडतो. त्याला खाली, हवेशीर जागी आणा, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या. राउटरला फार थोडी वीज लागते. लेझर प्रिंटर मात्र छोट्या इन्व्हर्टरवर जोडू नका, शाईची पूड वितळवणारा भाग तापताना तो एकदम बरीच वीज ओढतो.

राउटर आणि प्रिंटर एकाच टेबलावर असतील आणि प्रिंटरला लॅन केबलची जागा असेल, तर सरळ केबल लावा. चॅनेल, पत्रे, ओलं सूत हे सगळे प्रश्न तिथेच संपतात. पत्त्याचा प्रश्न तारेवरही तसाच राहतो, म्हणून राउटरमधली नोंद तेव्हाही करावी लागते, आणि केबलसाठी प्रिंटरचा मॅक ॲड्रेस वाय-फायपेक्षा बहुधा वेगळा असतो, तो नव्याने छापून घ्यावा.