व्यायामपूर्व श्वसनस्नायू-सराव

चालणे, जिने चढणे किंवा सायकलिंग सुरू करण्याआधी श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना हलक्या रोधाविरुद्ध काही मिनिटे कामाला लावण्याची पद्धत. ती मुळात खेळाडूंची. सीओपीडीसारख्या जुनाट फुप्फुसविकारात तिचा विचार नंतर सुरू झाला. कोल्हापुरात ती समजावणे सोपे जाते, कारण अंग गरम केल्याशिवाय पैलवान कुस्तीला उतरत नाही, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असते.

सीओपीडीत हवा पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसे फुगलेलीच राहतात आणि छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे घुमटाकार श्वासपटल, खाली दबून सपाट होते. मग त्याची ओढ कमी पडते. चालू लागताच श्वासाची गती वाढते, हवा सोडायला वेळ अपुरा पडतो आणि ती आणखी साठते. रंकाळ्याच्या काठाने फिरताना पायांत बळ असूनही अनेकांना धाप लागून बसावे लागते, ते यामुळे. विडी-सिगारेटखेरीज चुलीचा धूर आणि कामावरची धूळ हीही या रोगाची कारणे आहेत. त्यामुळे गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणारे आणि फाउंड्रीत वाळूशी काम करणारे यांच्या धाप लागण्याच्या तक्रारीला ‘वयच झालं’ म्हणून टाळणे अन्यायाचे आहे.

उपकरण मुठीत मावणारे असते. आतली स्प्रिंगची झडप ठरावीक जोराने ओढल्याशिवाय उघडत नाही. आधी रुग्णाचा कमाल श्वासदाब, म्हणजे श्वास आत ओढताना लावता येणारा सर्वाधिक जोर, मोजतात. खेळाडूंमध्ये त्याच्या ४० टक्के रोधावर ३० श्वासांच्या २ फेऱ्या हे प्रमाण रूढ आहे. म्हणजे कमाल दाब ६० सेंमी पाणी (दाबाचे एकक) असेल, तर रोध २४ सेंमी पाणी. रुग्णासाठी तो फिजिओथेरपिस्टने ठरवावा. नाकाला चिमटा, ओठ घट्ट, श्वास झटकन आत, सोडताना सावकाश. खांदे कानांकडे चढू लागले, तर रोध जास्त झाला असे समजावे. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्यास थांबावे.

शस्त्रक्रियेनंतर देतात ते श्वासाने तीन छोटे चेंडू वर उचलण्याचे खेळणेवजा साधन यासाठी नव्हे. त्यात रोध ठरवता येत नाही. आठवडेच्या आठवडे चालणारे स्नायुबळाचे प्रशिक्षणही वेगळे.

निरोगी खेळाडूंत काही प्रयोगांत धाप कमी जाणवली. सीओपीडीत मात्र पुरावा तोकडा आहे, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर याच्यासाठी सोडू नये. नुकताच न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसणे) झाला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा आजार उफाळला असेल, तर हा सराव करू नये.